बहिरीवरची साय

लेव्हान्ते सुटला की आमच्या सानलूकारमध्ये शहाणी माणसंसुद्धा भांडायला निमित्त शोधतात. हा पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा. दारं आपटतात, दोरीवरचे कपडे बघता बघता कडक होतात, कुत्री उगाच भुंकतात. अशा दिवशी माझी नणंद कासिल्दा स्वयंपाकघरात आली की मी आधी सुरी बाजूला ठेवते. बोलता बोलता ती हाताला लागेल ते उचलते, फिरवते आणि भलतीकडेच ठेवून देते.

कासिल्दाला निवांत बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. लहानपणी ऑगस्टात किनाऱ्यावर घोड्यांच्या शर्यती लागल्या की बाकीची पोरं पैजा लावत, ही घोड्यांमागे धावायची. पुढे काही दिवस मासळीच्या लिलावात काम केलं, मग शिवणकाम. मग एका चांगल्या मुलाशी लग्न ठरलं, ते तिनं मोडलं. कारण काय, तर तो फार सावकाश जेवतो. सासूबाई म्हणायच्या, "ही माझ्या पोटातसुद्धा उभीच होती."

आणि अशा बाईचा जीव जडला तो कशावर? जिला शक्यतो कुणी हलवू नये, अशा वाईनवर.

माझ्या सासऱ्यांची, लेआन्द्रोंची, वरच्या वस्तीत वाईनची छोटी कोठी आहे. उंच छत, खिडक्यांना गवती पडदे, पायाखाली ओली पिवळी वाळू आणि तीन थरांत रचलेली काळी पिंपं. मी आतल्या मुलखातून लग्न होऊन आले, तेव्हा वाईन म्हणजे तांबडी आणि पांढरी एवढंच मला ठाऊक. कासिल्दानं मला हाताला धरून कोठीत नेलं, एका पिंपाचं बूच काढलं, भोकाशी मेणबत्ती धरली आणि म्हणाली, "वहिनी, डोकाव. पण फुंकर नको मारूस."

आत वाईनवर पांढुरका, सुरकुतलेला थर होता. गावात त्याला फूल म्हणतात. मला मात्र दुधावरची सायच आठवली आणि आमच्या घरात तोच शब्द रुळला. ही साय जिवंत असते. वाईनला हवा लागू देत नाही, वर तिच्यातलंच खाऊन जगते. ती टिकली तर मान्सानिया होते. फिकट, कोरडी, जिभेच्या कडेला खारट. साय मेली की वाईनला वारा लागतो, रंग मधाकडे झुकतो, वास भाजलेल्या बदामाचा येतो. तिसऱ्या तऱ्हेच्या वाईनवर कडक स्पिरिट घालून मुळात साय धरूच देत नाहीत, ती आक्रोडाच्या रंगाची आणि तशाच चवीची. द्राक्षं तीच, जमीन तीच, आणि लेकी तीन तऱ्हेच्या.

"मग साय मेली तर बिघडलं कुठं?" मी विचारलं होतं. "तीही चांगलीच वाईन ना?"

"मुलाला डॉक्टर व्हायला पाठवावं आणि तो बैलांशी झुंजायला निघून जावा," कासिल्दा म्हणाली. "वाईट नाही गं. पण आईला विचारलं होतं का कुणी?"

वर्षातून बरेचदा सगळ्यांत खालच्या थरातून थोडी वाईन काढतात आणि तेवढीच वरच्या थरातली त्या पिंपांत भरतात. भरायची ती भोकं पाडलेल्या नळीनं, सायीखाली, अगदी पाझरल्यासारखी. सासरे हे काम करताना खोकतसुद्धा नसत. कासिल्दाचं नाक त्यांच्यासारखंच, पण नळी तिच्या हातात दिली की ते डोळे मिटून घ्यायचे. "पोरी, वाईन तुला कळते," म्हणायचे. "पण तुझ्या हातात लेव्हान्ते आहे."

ते गेले तेव्हा प्रश्न आला, कोठी कुणी सांभाळायची? माझा नवरा फेर्मीन बस चालवतो. त्याला वाईन प्यायला आवडते, तिची उठबस करायला नाही. निम्मी मालकी त्याच्या काकांची, बाल्तासारकाकांची. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "द्राक्षतोडणीपर्यंत कासिल्दा बघेल. खालच्या थरावरची साय तिनं जगवली तर कोठी तिची. नाही जगवली तर पिंपं माझ्या मुलाच्या कोठीत न्यायची. मग रुसवेफुगवे नकोत."

"रुसायला वेळ कुणाला आहे?" कासिल्दा म्हणाली आणि जेवण अर्धं टाकून कोठीत गेली.

वसंतात सगळं छान चाललं. साय जाड धरली, गावातले मद्यालयवाले सुरया भरभरून मान्सानिया नेऊ लागले. ऑगस्टात मात्र लेव्हान्ते आला तो मुक्कामालाच. अशा वेळी कोठीवाले काय करतात? काहीच नाही. खिडक्या बंद करतात, वाळूवर पाणी शिंपडतात आणि पश्चिमेचा ओला वारा येईपर्यंत पिंपांना हात लावत नाहीत. गर्मीनं साय आपोआप विरते, वारा पालटला की पुन्हा धरते. हे कासिल्दाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण विरत चाललेली साय बघून तिच्यानं राहवलं नाही. ताज्या वाईनचा घास मिळाला की बिचारी तरारेल, म्हणून तिनं भर लेव्हान्तेत नळी उचलली.

पहिल्याच पिंपात हात चुकला. ते पिंप कोठीतलं सगळ्यांत जुनं. ठोकलं तर आवाज देत नाही, म्हणून त्याला आम्ही बहिरी म्हणतो. धार जोरात गेली, साय फाटली आणि चिंध्या होऊन बुडाली.

कासिल्दा माझ्याकडे आली ती चुनखडीसारखी पांढरी पडून. "वहिनी, बहिरी गेली."

"गेली म्हणजे? फुटली?"

"फुटली असती तर बरं! नागडी झालीय."

मग तिनं आमचा जुना उपाय केला. शेजारच्या पिंपातली थोडी साय काढून, विरजण लावावं तशी बहिरीत सोडली. पण विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नसतं. ही सकाळी बूच काढून बघे, दुपारी बघे. लांब दांडीची वाटी आत बुडवून वास घेई आणि जे काही धरलेलं असेल त्याला भोक पाडून येई. शेवटी स्वतःच कोठीची किल्ली माझ्या ओट्यावर आपटली. "मी मागितली तरी देऊ नकोस. बाकीच्या पिंपांचाही जीव घेईन मी."

त्यानंतरचे दिवस मला जड गेले. रोज नवी सबब.

"वहिनी, आत माझी चप्पल राहिलीय."

"तुझ्या पायात दोन्ही आहेत."

"पाणी कोण शिंपडतंय?"

"फेर्मीन. कामावर जाण्याआधी."

"तो? तो झाडांना घालावं तसं ओतत असेल!" मग माझ्या घरात येरझाऱ्या. तिनं माझे सगळे कप काढून पुसले, कोळंबीच्या पुऱ्यांचं पीठ दोनदा घोटून बिघडवलं. फेर्मीनला म्हणाली, तुझे बूट असे का पडलेत? तो म्हणाला, "अगं, तू लग्न केलं असतंस तर निदान दुसऱ्याचे बूट असते." मला हसू आलं, तिला नाही. तोडणी जवळ येत होती, आणि काका येऊन मेणबत्ती धरणार हे काही चुकणार नव्हतं.

वारा पश्चिमेला वळल्यावर एका सकाळी ती आली. दारातच थांबली. "आज बघायला नाही, करायला जायचंय. किल्ली घे, तूही चल."

कोठीत शिरल्यावर तिनं फक्त बहिरीचं बूच काढलं. मी मेणबत्ती धरली. आत काळी, चकचकीत वाईन, वर सायीचा ठिपकाही नाही. तिनं वास घेतला, मला दिला. भाजलेले बदाम.

"शेजारची साय आणून पुन्हा टाकली तर?" मी म्हटलं. "काका येईपर्यंत तरी टिकेल."

"टिकेल. आणि ते गेले की बुडेल. ही आता मान्सानिया नाही व्हायची, वहिनी. तिला ओढून धरण्यात अर्थ नाही."

द्राक्षाचा स्पिरिट तिनं आधीच जुन्या वाईनमध्ये मुरवून ठेवला होता. तो तिनं बहिरीत घातला. आता तिथे साय कधीच धरणार नव्हती. या वेळी धार अगदी बारीक होती. बाकीच्या पिंपांकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

तोडणीला काका आले. खालच्या थरातलं एकेक बूच काढून बघत गेले. साय, साय, साय. बहिरीपाशी वाकले आणि ताठ झाले.

"यात स्पिरिट घातलास?"

"घातला."

"कुणाला विचारून?"

"कुणालाही नाही. साय मीच मोडली, लेव्हान्तेत नळी घालून. तुम्ही म्हणाला होतात साय जगली पाहिजे. एकीची गेली. किल्ली दिल्यापासून बाकीच्यांना मी हात लावला नाही, वहिनीला विचारा." मग आवाज चढला. "आता पिंपं न्यायची तर न्या लवकर, असं उभं नका करून ठेवू मला!"

काकांनी वाटी बुडवली, बराच वेळ हुंगत राहिले. "हिचं काय होईल ते कळायला पाच-सात वर्षं लागतील," ते म्हणाले. "मी काही तेवढा पुरायचा नाही. आणि माझ्या मुलाला असली अर्धवट पिंपं सांभाळायचा कंटाळा आहे. तेव्हा कोठीत तूच थांब."

"पाच-सात वर्षं?" कासिल्दा किंचाळलीच.

"मग नेऊ का?"

"नको!"

ज्या पिंपाची वाट बदलली त्याच्या तोंडावर आमच्याकडे खडूनं आडवी रेघ मारतात. काकांनी खिशातून खडू काढून तिच्यापुढे धरला. तिनं एका झटक्यात रेघ ओढली, ती निम्म्यात वर चढली.

"रेघ तरी सरळ मार," काका म्हणाले.

"राहू दे आता," ती म्हणाली आणि वरच्या थरातली वाईन बघायला शिडी आणायला गेली.