गिऱ्हाईक सांगेल ती वेळ

तारखांच्या धंद्यात बसलं की किस्से आपोआप साचतात. कारण प्रत्येक माणसाची अशी ठाम समजूत असते की, आपण कधी जन्मलो हे आपल्याला माहीत आहे.

नव्वद सालच्या आसपास उल्हासनगरात, तीन नंबर कॅम्पात, एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं सेंटर होतं. तिथे कॉम्प्युटरवर पत्रिका निघायच्या. धंदा हासानंद शेठचा, पंचांगाचं गणित आगाशे गुरुजींचं आणि प्रोग्रॅम माझा. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, अंबरनाथ पूर्वेला राहायचे.

पहिल्याच दिवशी शेठनी नियम सांगितला. "बेटी, गिऱ्हाईक जो तारीख बोलेल, जो टाइम बोलेल, तोच टाकायचा. कशाला, कुठून, कसा, काही विचारायचा नाय."

गुरुजींनी मान डोलावली. त्या दोघांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं, ते पहिलं आणि शेवटचं.

हा नियम माझ्या घरी भलताच आवडला. माझा जन्म सकाळी सात दहाचा. त्या वेळेने माझ्या पत्रिकेत मंगळ येतो. सहा पन्नासला जन्मले असते तर आला नसता. यावरून दोन स्थळं परत गेली होती आणि तिसरं हातचं जाऊ नये म्हणून आत्या रोज माझ्यामागे लागलेली. "मशीन तुझ्याच हातात ना गं? मग सात दहाचं सहा पन्नास कर. वीस मिनिटांनी कुणाचं काय जातंय?"

बाबा पेपरमागून ऐकत बसायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा मला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा.

*

उल्हासनगरात दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी परदेशात असायचं. त्यांच्या पत्रांतून जन्मतारखा यायच्या. एकदा अमेरिकेहून एका मुलाची तारीख आली, १२/२५/६६. मी टाकली. मशीन म्हणालं, महिना चुकला.

"पंचविसावा महिना कुठून आणू?" मी शेठना विचारलं.

"अमेरिका में सब कुछ बड़ा है," शेठ म्हणाले, "साल भी बड़ा होगा."

मग कळलं की तिकडे महिना आधी लिहितात, दिवस नंतर. मी लगेच जुने कागद उपसायला घेतले. कारण पंचविसावा महिना मशीनने पकडला होता, पण आठवड्यापूर्वी अमेरिकेहूनच आलेली ४/७/६८ ही तारीख बिनबोभाट आत गेली होती. मुलगी सात एप्रिलची. मी तिला चार जुलैला जन्माला घातलं होतं. जुलैच्या पत्रिकेवर चार नंबर कॅम्पातल्या एका मुलाशी तिचे सत्तावीस गुण जुळले होते.

मी एप्रिलची पत्रिका काढली. गुण आठ. कागद घेऊन मुलीच्या आजीकडे धावले आणि सगळा घोटाळा सांगितला. आजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"हॉल बुक हो गया है," ती म्हणाली. "लड़की जुलाई में ही पैदा हुई है."

मी नवीन होते. गुपचूप जुलै ठेवला.

पण दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम बदलला. आता महिना आकड्यात चालायचा नाही, अक्षरांत सांगावा लागायचा. शेठ ओरडले, "विचारायचा नाय बोललो होतो ना?"

"मी कुठे विचारलं?" मी म्हटलं. "मशीनने विचारलं."

मशीनपुढे शेठ हात जोडायचे. रोज सकाळी अगरबत्ती ओवाळायचे. त्यामुळे मशीनवर त्यांना ओरडता येईना आणि मला वाट सापडली.

*

एका काकींना हाँगकाँगला नातू झाला. जन्मवेळ सकाळी अकरा वीस, असं त्यांनी सांगितलं. नियमाप्रमाणे आम्ही तीच टाकली. गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, "मुलगा फार बोलका होणार. याचा आवाज दूरदूरपर्यंत पोचेल." काकींनी खूश होऊन मिठाई वाटली.

पंधरा दिवसांनी काकींच्या मुलाचं पत्र आलं. नातू आदल्या दिवशी दुपारीच झाला होता. मी काकींना विचारलं, "मग अकरा वीस कुठून आणलंत?"

"उसका फोन आया ना, तब मैंने घड़ी देखी. किचन वाली."

म्हणजे आम्ही पत्रिका काढली होती ती ट्रंककॉलची. गुरुजींचं एवढं अचूक भविष्य मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

प्रोग्रॅममध्ये आणखी दोन प्रश्न वाढले. जन्म कुठल्या गावी? आणि घड्याळ कुठल्या गावचं?

*

मे महिन्यात वांगणीकडून गिऱ्हाइकांची रांग लागली. पहिला आला, जन्मतारीख एक जून. दुसरा, एक जून. तिसरा, एक जून. संध्याकाळपर्यंत सात जण झाले आणि सातही जणांचा एक जून. साल वेगळं, दिवस तोच.

मी हादरले. म्हटलं, प्रोग्रॅममध्ये तारीख अडकली. दोन दिवस जेवणाची सुट्टी न घेता एकेक ओळ तपासली. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी वांगणीचे एक पाटील मुलाला घेऊन आले. मी दबक्या आवाजात विचारलं, "जन्मतारीख?"

"एक जून."

मी कपाळाला हात लावला. पाटलांना दया आली असावी. "बाय, तू कशाला घाबरतंस? शालंत नाव घालायला गेलो तवा तारीख कुनाला म्हाइत होती? मास्तरांनी सगल्या पोरांना एकाच दिशी जल्माला घातला."

पलीकडून गुरुजी म्हणाले, "बघ. चूक तुझ्या प्रोग्रॅममध्ये नाहीच. शाळेत आहे."

ज्या सात जणांचं भविष्य त्यांनी शाळेच्या दाखल्यावरून सांगून टाकलं होतं, त्यांच्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. मी प्रश्न वाढवला. तारीख शाळेची की खरी?

*

उत्तरेकडच्या एका गिऱ्हाइकाला आम्ही छापून दिलं, जन्म श्रावण वद्य अष्टमी. तो भांडायला आला, "हमारे यहाँ वो भादों है. आपने बच्चे को एक महीना पहले पैदा कर दिया."

त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. दिवस एकच, नाव वेगळं. मी गुरुजींना म्हटलं, गिऱ्हाईक बघून महिना छापू या. गुरुजी संतापले. "महिना म्हणजे काय साडी आहे का, गिऱ्हाइकाच्या पसंतीने दाखवायला?"

शेठ खालच्या साड्यांच्या दुकानाकडे बघून म्हणाले, "दोनों दिखाओ. जो पसंद आए, ले जाए."

*

अंबरनाथचे एक आजोबा आणि आजी मात्र मला आवडले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेली. नातीच्या हट्टापायी सहज गंमत म्हणून आले होते. लग्न ठरताना गुरुजींच्या वडिलांनीच पत्रिका जुळवल्या होत्या, गुण सव्वीस.

मशीनने विचारलं, घड्याळ कुठल्या गावचं? आजोबा चमकले. "अरे वा. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझा जन्म गिरगावातला. तेव्हा मुंबईची वेळ वेगळी असायची, बाकी देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. आमच्या घरचं घड्याळ मुंबईचं होतं."

मी एकोणचाळीस मिनिटं मिळवली. आजोबांचा चंद्र नेमका नक्षत्राच्या कडेला होता, तो पलीकडे गेला. सव्वीस गुणांचे नऊ झाले.

गुरुजी खोकायला लागले. मलाही वाटलं, उगीच विचारलं. आजींनी कागद हातात घेतला, लांब धरून नीट वाचला, मग पंचेचाळीस वर्षांच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"तरीच," त्या म्हणाल्या.

*

तिसरं स्थळ बदलापूरचं होतं. मुलगा बँकेत, नाव शिरीष. रविवारी तो, त्याची आई आणि काका आमच्या घरी आले. दारात त्या बाईंना बघितलं आणि मी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. सेंटरमध्ये मी मॉनिटरच्या आड असायचे आणि येणारा प्रत्येक जण गुरुजींच्या तोंडाकडे बघत असायचा.

चहा झाला. शिक्षण, पगार, बदली, सगळं बोलून झालं. मग मुलाच्या काकांनी माझी पत्रिका उलगडली.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "फक्त हा मंगळ तेवढा..."

"तो जाईल," आत्या घाईने म्हणाली. "वीस मिनिटांचाच प्रश्न आहे. तीच काढते ना पत्रिका."

"मग बरंच झालं," मुलाची आई म्हणाली. "नवी काढून द्या. आमच्याकडच्या मोठ्यांना दाखवायला एक कागद हवा, बाकी काही नाही. एवढं सगळेच करतात."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात त्या दिवशी पेपर नव्हता.

"कर गं," बाबा म्हणाले. "आयुष्याचा प्रश्न आहे. एवढ्यासाठी अडून बसू नकोस."

"नाही करणार," मी म्हटलं. "मी सात दहाला जन्मले. आईने घड्याळ बघितलं होतं, सुईणीने बघितलं होतं. मंगळ असेल तर असू दे. मंगळासकट हवी असेन तर सांगा."

"हट्टी दिसतेय," काका हसत म्हणाले.

"आणि काकू," मी मुलाच्या आईकडे वळले, "तुम्ही आमच्या सेंटरमध्ये दिवाळीनंतर तीनदा आलात. एकदा नऊ पाचची पत्रिका काढलीत, एकदा नऊ पस्तीसची, एकदा दहाची. मशीन एका नावाची दुसरी पत्रिका काढली की नावापुढे नंबर लावतं. त्यामुळे माझ्याकडे शिरीष एक, शिरीष दोन आणि शिरीष तीन असे तिघे आहेत. मला फक्त एवढंच सांगा, आज दाखवायला यांतला कुठला आणलाय?"

काका बशीतल्या शेवेकडे बघत राहिले. आत्या बाबांकडे, बाबा जमिनीकडे.

"नऊ पाच. खरा तोच," शिरीष म्हणाला.