धामणीचा दांडा

बोईसरच्या आठवडे बाजारात जानूदादा झोपा काढतात, असं सगळ्यांचंच मत होतं. मिरच्यांचे ढीग आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते उकिडवे बसलेले असत. पुढ्यात कुऱ्हाडीचे, कुदळीचे, कोयत्याचे दांडे. गिऱ्हाईक आलं की त्यातला एक उचलायचा, एक टोक कानाशी धरायचं, दुसऱ्या टोकावर बोटाच्या पेरानं टक्‌ करून वाजवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. मग कितीतरी वेळ काहीच घडायचं नाही. भोवती बाजार ओरडत असायचा आणि हा म्हातारा दुसऱ्याच कुठल्या तरी गावी गेलेला असायचा. परत आला की म्हणायचा, "बेस हाय. ने." नाहीतर तोच दांडा मांडीखाली सारून द्यायचा आणि दुसरा उचलायचा.

जानूदादांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या एका खुळापायी. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या हलवल्या आणि निवृत्त झाले. भाच्यानं परदेशातून पाण्यात चालणारं, धातू शोधणारं यंत्र आणून दिलं. बाकीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी नवापूरच्या समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उतरले. ओहोटीला कानाला हेडफोन लावून चालायचं, यंत्र कुईकुई करू लागलं की तिथली वाळू उपसायची. खाली वाकता येत नाही, म्हणून लांब दांड्याचा, भोकंभोकं असलेला एक झारा लागतो. भज्यांचा झारा बादलीएवढा करावा, तसा. पायानं दाबून तो वाळूत घुसवायचा आणि दांडा मागे ओढून उचकटायचा. मिळायची बहुतेक बाटल्यांची झाकणं, शिसं, गंजके खिळे. क्वचित एखादं चांदीचं जोडवं. पण त्या पाण्यात मी इतकी सुखात असे की सोनं सापडलं असतं तर आणखी काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही.

झारा बोईसरच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं स्टीलचा उत्तम करून दिला. भानगड होती ती दांड्याची. सगळा जोर येतो तो झारा आणि दांडा जिथे जुळतात तिथे. आधी ॲल्युमिनियमचा पाइप लावला. तो पंधरा दिवसांत वाकला. मग स्टीलचा पाइप. "मॅडम, ये नहीं टूटेगा, लिख के दूँ?" असं फॅब्रिकेशनवाला म्हणाला आणि ते खरंच होतं. तो तुटला नाही, माझा खांदा तुटायची वेळ आली. बांबू पेरापाशी फुटला. शेवटी नवापूरची एक मावशी, बोंबील वाळत घालता घालता, माझी फजिती रोज बघून कंटाळली असावी. ती म्हणाली, "लाकूड लाव ना गो बाय. बाजारात तो झोपणारा म्हातारा हाय, त्याला इचार."

म्हणून मी झारा घेऊन जानूदादांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी झाऱ्याकडे पाहिलं नाही. माझा हात हातात घेतला, अंगठा दाबून पाहिला, मग मला उभं करून काखेपर्यंतचं माप एका काटकीवर घेतलं. मी समुद्र, वाळू, यंत्र असं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आज नाय देत. तू पळत आलीस, तुझा हात घाईत हाय. पुढल्या बाजारी ये." मला राग आला. पण पुढल्या बाजारी मी गेले, आणि धामणीच्या झाडाचा तो गुळगुळीत, तांबूस, वजनाला हलका आणि वाकवला तर परत सरळ होणारा दांडा हातात आला तेव्हा राग कुठल्या कुठे गेला.

धामण ही त्यांच्या शेताच्या बांधावरची. फांदी तोडायची ती अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे कीड लागत नाही. मग वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची. ओला दांडा त्यांनी कधी कुणाला दिला नाही. बोल्टासाठी भोकही ड्रिलनं पाडायचं नाही, तापल्या सळईनं जाळून पाडायचं. "जळलेला लाकूड पानी पीत नाय," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. मी तीस वर्षं रसायनशास्त्रात घालवली होती, तरी मला यात काही भर घालता आली नाही.

एकदा मात्र मी हुशारी केली. कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून महागडा रंग आणून दांड्याला दोन हात दिले आणि कौतुकानं त्यांना दाखवायला नेला. त्यांनी काचेचा तुकडा घेतला आणि भर बाजारात सगळा रंग खरवडून काढला. "रंग लावला का आत काय चाललाय ता दिसत नाय," ते म्हणाले. मग धडा दिला, तो मी आजही पाळते. खाऱ्या पाण्यातून आणला की बोल्ट काढून दांडा गोड्या पाण्यानं धुवायचा. उन्हात ठेवायचा नाही, सावलीत टांगायचा. अवसेला आणि पुनवेला मोहाच्या बियांचं तेल तळहातानं चोळायचं, फडक्यानं नाही. "हाताला कळते कुठं खरखर हाय. फडक्याला काय कळते?"

जानूदादांनी समुद्र लांबून पाहिला होता, पण पाण्यात पाय घातला नव्हता. आपला दांडा तिथे काय करतो हे त्यांना एकदा बघायचं होतं. एका थंडीतल्या सकाळी मी त्यांना नवापूरला नेलं. धुकं इतकं होतं की कारखान्यांच्या चिमण्या नाहीशा झाल्या होत्या, आणि पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. धोतर वर खोचून ते मांडीभर पाण्यात आले. मी झारा वाळूत रोवला. त्यांनी दांड्याच्या वरच्या टोकाला कान लावला, डोळे मिटले आणि नेहमीसारखे निघून गेले. मी वाट पाहत राहिले. पायांमधून पाणी ओढत बाहेर चाललं होतं.

"काय ऐकू येतं, दादा?"

"वाळू चालते," ते हळूच म्हणाले. "सगळी मिळून चालते. कुठं जाते गं?"

मग मीही कान लावला. खरंच, बारीक सळसळ होती, न थांबणारी. आणि फार लांबून एका बोटीचं इंजिन धडधडत होतं, जे बाहेर ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं आळीपाळीनं किती वेळ तसे उभे होतो कोण जाणे. नवापूरच्या बायका काठावरून हसत होत्या. माझ्या आयुष्यातल्या सुंदर सकाळी कुणी मोजायला सांगितल्या तर मी तिच्यापासून सुरुवात करीन.

तो पहिला दांडा चार वर्षं चालला. भोकापाशी झिजला तेव्हा त्यांनीच नवा दिला. याच सुमाराला एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. मी मागून हाक मारली तर ते वळत नसत. बोलताना माझ्या ओठांकडे बघत. दांडा कानाशी धरून डोळे मिटण्याचा वेळ मात्र वाढला होता. बाजाराला वाटे, म्हातारा आणखी झोपाळू झाला. मला कळत होतं की ते ऐकायचा प्रयत्न करताहेत आणि त्यांना काही ऐकू येत नाही.

नवा दांडा दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातात काडकन मोडला. मी पाण्यात आपटले, पोटभर खारं पाणी प्यायले, एवढंच. पण तुकडे काठावर आणून पाहिले तर लाकडाच्या आत किडीनं पोखरलेली काळी रेघ होती, वीतभर लांब. पूर्वीच्या जानूदादांनी हा दांडा पहिल्या टक्‌लाच मांडीखाली सारला असता.

त्यांचा एक नियम होता: मोडलेला दांडा परत आणून दाखवायचा. मी दोन बाजार टाळले. सगळं बोईसर तुडवून आले, त्यांच्या रांगेला गेले नाही. या माणसाजवळ कानाशिवाय दुसरं काय आहे, आणि तो गेलाय हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी गेले आणि तुकडे पुढे करून म्हटलं, "दादा, माझीच चूक. स्कूटरखाली आला."

त्यांनी तुकडे फिरवून पाहिले, पिशवीत टाकले आणि दुसरा दांडा दिला. "स्कूटर जपून चालव," एवढंच बोलले. मी सुटले. येताना चक्क गाणं गुणगुणत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. पायऱ्या चढून दम लागला होता. हातात तेच तुकडे, मधून चिरलेले.

"याच्यावर चाकाचा वळ नाय. आत वाळू हाय. तुझी स्कूटर दर्यात चालते का?"

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तू पडलीस ती पान्यात पडलीस," ते म्हणाले. आवाज चढला होता. तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "कुऱ्हाडीचा दांडा मोडला तर पातं उडते. कोनाच्या मानंत जाईल? चल, काढ ती स्कूटर."

कान मंदावला त्या दिवाळीपासून विकलेला प्रत्येक दांडा त्यांना परत हवा होता. दोन दिवस आम्ही हिंडलो. त्यांना नावं आठवत नव्हती, हात आठवत होते. "आखूड अंगठ्याचा, तो उमरोळीचा." "बोटाला टाके पडलेला, तो बोईसरला बिल्डिंगीवर." बिल्डिंगवरचा भय्या कुदळ सोडेना. "अरे बाबा, अच्छा तो चल रहा है!" जानूदादा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यानं दिली. बदली दांडे पिशवीत होते, जुन्या साठ्यातले. "कान होता तवाचे," असं ते प्रत्येकाला सांगत. सगळ्यांना सांगत, न लाजता. मीच दर वेळी दुसरीकडे बघत होते.

शेवटचा दांडा टेकडीवरच्या एका पाड्यात काळूराम नावाच्या माणसाकडे होता. तो अंगणात लाकडं फोडत होता. त्याची बायको समोर बसून ओंडका हातांनी धरून ठेवत होती. काळूराम ऐकेना. कुऱ्हाड मस्त चालते, कशाला देऊ? जानूदादा ओंडक्यावरच जाऊन बसले. "फोड मला," म्हणाले. शेवटी वैतागून त्यानं कुऱ्हाड पुढे केली. जानूदादांनी पातं काढलं, दांडा आंब्याच्या बेचक्यात अडकवला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला. तो मोडला. आत तशीच काळी रेघ होती. काळूरामच्या बायकोनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

त्यानंतर त्यांनी एकही दांडा विकला नाही. बाजारात यायचे, कधी रानभाजी घेऊन, कधी नुसतेच.

पण त्या दिवशी, टेकडी उतरून आम्ही उमरोळीच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून स्कूटर थांबवायला लावली. खाली उतरले. भाताच्या शेतांवर पिवळं ऊन पडलं होतं.

"बाय, तू खोटा बोललीस ना, तवा मला बेस वाटला," ते म्हणाले. "घरी जाईपर्यंत बेस वाटला. मग वाटला, आता सगळेच मला असा सांगतील. मग मला भ्या वाटला."

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली, वळून दुसरा कान माझ्यापुढे केला आणि त्यावर हाताचा आडोसा धरला.

"इकडून बोल. मोठ्यांनी."

रस्त्यावर माणसं होती. सायकलवाला थांबला, गवताचे भारे घेऊन चाललेल्या दोन बायका थबकल्या. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"जानूदादा, दांडा आतून किडलेला होता! तुम्हाला तो ऐकू आला नाही! मी खोटं सांगितलं!"

त्यांनी हात कानावरून काढला.

"हां," ते म्हणाले. "आता आयकू आला."