"करू की"

शिरूरमध्ये तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नाही. जेवायला बोलावलं तर 'येऊ की' म्हणतात आणि येत नाहीत. मीही जन्मभर तेच करत आलो. तरी सन दोन हजारच्या आसपास कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःचं सॉफ्टवेअर विकायला निघालो, तेव्हा नेमकं हेच विसरलो.

खतं-औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्राम करायचं मनात होतं. कुठल्या पिकाला कुठलं औषध, दुकानात शिल्लक काय, सगळं पडद्यावर. आधी शहाण्यासारखा शिरूरपासून दौंडपर्यंत दुकानं फिरलो आणि विचारलं, "असं केलं तर घ्याल का?" नऊ जण म्हणाले, "करू की!" वर चहा पाजला. मी वहीत नऊ खुणा केल्या आणि चार महिने घरात बसून प्रोग्राम लिहिला.

तो घेऊन परत गेलो, तर तीच माणसं त्याच आपुलकीनं पुन्हा "करू की" म्हणाली. दौंडच्या एका दुकानदाराला चौथ्यांदा गाठलं तेव्हा तो म्हणाला, "आवो, करू की म्हणलं ना!" त्याला माझी कीव आली होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बायकोशी ठरलं होतं, शाळा सुरू व्हायच्या आत एक तरी गिऱ्हाईक मिळवायचं, नाहीतर परत कारखाना. कारखान्यातल्या साहेबांनी जागाही तोवरच राखली होती. मे अर्धा सरला. आता प्रोग्राम कशाचा करायचा? दूध डेअरी, शाळेचे निकाल, सोयरिकी जुळवणं. सकाळी एक कल्पना सुचायची, संध्याकाळी मीच ती खोडायचो. परत जायची लाज नव्हती. आपल्याला आपलीच माणसं कळत नाहीत, याची भीती वाटायची.

तेवढ्यात मेहुणीचं लग्न ठरलं. मी मोकळाच, म्हणून खुटबावच्या सासऱ्यांनी पत्रिकेचं काम माझ्यावर टाकलं. छापखान्यात गेलो तर मालक, साठीचे आप्पा, एका वधूपित्यापुढे हात जोडून उभे. आमच्याकडच्या पत्रिकेत अर्धा तालुका असतो, आणि प्रत्येक जण पदासकट. या पत्रिकेत चालू सरपंचांच्या नावापुढे 'माजी' पडलं होतं आणि ते लग्नाला येणार नाही म्हणून रुसून बसले होते. आप्पांना सगळ्या पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागणार होत्या.

तो गेल्यावर आप्पा माझ्याकडे वळले. "काम्पुटर घेतला, पण जुनी पत्रिका उघडायची आन् तिच्यातच नावं बदलायची. निवडणूक झाली की कोण आला, कोण पडला, किती ध्यानात ठिवायचं? समदं या वहीत हाय." वही जाडजूड होती, गावागावांची पानं केलेली.

मला लख्ख दिसलं. गाववार नावं, पदं, एकदा बदललं की पुढच्या सगळ्या पत्रिकांत बदलेल. पण 'घ्याल का' हे शब्द जिभेवर आले आणि दौंडचा दुकानदार आठवला. तरी सांगितलंच. "असं करून दिलं तर?"

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "करू की."

म्हणजे संपलं. नमस्कार करून दारापर्यंत आलो, तर मागून हाक आली. "आवो, मग वही न्हाई का लागायची तुम्हाला? न्या. पर आठ दिसांत आणा, तिच्याबिगर माझं दुकान बंद हाय."

घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं, आप्पांपुढे नवी कल्पना मांडली म्हणून. "काय म्हणाले?"

"करू की म्हणाले."

मी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं खुटबावचं पान काढलं, बोट फिरवत एका नावाशी थांबली.

"ह्या सोसायटीच्या आबांच्या नावापुढं अजून चेअरमनच हाय. मागच्या निवडणुकीत पडले की ते. माजी करा." मग वही मिटत म्हणाली, "आन् उद्या साहेबांना सरळ सांगा, न्हाई येत म्हणून."

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर गेलो. साहेबांनी विचारलं, "काय, येताय ना?" मी रात्रभर घोकलेलं वाक्य बाजूलाच राहिलं आणि तोंडातून निघालं, "येऊ की."

साहेब आमच्या शिरूरचेच. म्हणाले, "बरं, मग दुसरा माणूस बघतो."