दवातले रानतीळ

आज पहाटे बंगल्याच्या कुंपणाशी रानतिळाचं झाड उपटलं आणि त्याचा उग्र वास हातालाच चिकटून राहिला.

हा उतार पूर्वी आमचा होता. आई पावसाआधी रानातलंच बी इथं फेकायची आणि दिवाळीनंतर त्या काळ्या, कडवट तिळांचं तेल काढून वर्षभर गुडघ्यांना चोळायची. शेवटच्या वर्षी एका दुपारी मी विळा उचलला तशी ती म्हणाली, "उन्हात न्हाय कापायचा. बोंडं फुटतात. सकाळी दवात कापू."

"सकाळी मोजणीवाले येणार हायत," मी म्हणालो. जमीन विकायचं मी तिला न विचारताच ठरवलं होतं.

विळा लागताच वाळलेली बोंडं तडकली आणि तीळ मातीत गेले. आई खाली बसली. बोट ओलं करून एकेक दाणा टिपू लागली, मग थांबली. "राहू दे," म्हणाली, "माझं काय तरी हितं राहील."

तेव्हा मातीत गेलेलं बी अजून दरवर्षी थोडं थोडं उगवतं. बंगल्याच्या मालकांना ते गवत वाटतं, आणि त्यांचा माळी मीच आहे. मी ते दवातच उपटतो. एक दाणा खाली पडू देत नाही, सगळे घरी नेतो.