ओढ्याचं पहिलं पाणी

आमच्या ह्यांना नदीनं पोटात घेतलं, असं आमच्या नातलगांत सांगतात. नदी कसली डोंबलाची. ओढा होता तो, पच्चैमलै डोंगराच्या उतरणीवरचा, नाव नसलेला. इतके दिवस ऐकून घेतलं, आता काय घडलं ते एकदा लिहून टाकते. त्याला यापुढे कोणी पुण्यवान मरण म्हणू नये, एवढंच मज हवं आहे.

आम्ही कुंभकोणचे, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी. निवृत्त झाल्यावर ह्यांनी गिअरच्या सायकली आणल्या, एक स्वतःला, एक मला. मी म्हटलं, साठीला टेकल्यावर ही काय थेरं. हे म्हणाले, "घरात बसून एकमेकांची तोंडं किती बघायची? चल." पहिली फेरी जवळच्या साक्कोट्टैपर्यंत झाली, पुढे तिरुनीलक्कुडी. मग तंबू आला. तो लावायला शिकलो तिरुवलंचुळीजवळ, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या वाळूत. चेन्नैची लेक फोनवर हसायची, अम्मा-अप्पांना म्हातारचळ लागला म्हणायची. लागू दे. रस्त्यावर हे माझ्याशी जेवढं बोलत, तेवढं घरात उभ्या जन्मात बोलले नव्हते. मज तेवढ्यासाठीच ती सायकल प्रिय होती.

कुंभकोणात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. त्याच पुलावर वर-खाली करून आम्ही डोंगराची तयारी केली. पच्चैमलैच्या घाटात ती पहिल्या वळणालाच संपली. गिअर कितीही हलका केला तरी मांड्या भरून यायच्या, मग उतरून ढकलायचं. हे पुढे जाऊन वळणावर थांबायचे आणि माझा अवतार बघून गालात हसायचे. मी चिडायचे. वर पोचल्यावर फणसाच्या झाडाखाली तंबू ठोकला, मनसोक्त भांडलो, बाटलीतल्या डिकॉक्शनची कॉफी केली, आणि पुन्हा बोलत बसलो.

उतरताना ब्रेक दाबून दाबून माझी मनगटं गेली. दुपार कलली होती. एका लहानशा पुलाखाली कोरडी, पांढरी वाळू दिसली. दोघांनीही सायकली खाली नेल्या. तुम्ही डोंगराकडचे असाल तर इथेच कपाळावर हात मारून घ्याल. पण आमच्याकडे नदीला पाणी धरणातून येतं. धरण उघडायचा दिवस पेपरात छापून येतो, त्यानंतर कितीतरी दिवसांनी पाणी गावात पोचतं. तोवर ती वाळू म्हणजे आमचं अंगण, पोरं क्रिकेट खेळतात तिथे. न सांगता पाणी येतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच नाही. आमच्यावर आभाळ स्वच्छ होतं. वर डोंगरात कुठेतरी गडगडलं तेव्हा हे म्हणाले, "बरं झालं, वेळेवर खाली उतरलो."

तंबू उभा राहिल्यावर मी लेकीला फोन करायला पुलावर गेले, खाली रेंज नव्हती. फोन लागला तेवढ्यात खालून ह्यांची हाक आली. "अगो, पाणी आलं, बघ." भीतीची हाक नव्हती. घरी पाहुणा आला की द्यावी तशी होती.

वाळूवरून पाण्याची पातळशी जीभ येत होती, फेस आणि पाचोळा पुढे ढकलत, माणसाच्या चालीनं. आमच्या गावात धरणाचं पहिलं पाणी येतं ते अगदी असंच. लोक पात्रात उतरून त्याच्या पुढ्यात उभे राहतात, पायाला लागू देतात, मग वाकून ओले हात डोळ्यांना लावतात. नदी म्हणजे आई, लहानपणापासून आम्ही हेच करत आलो. ह्यांनी चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि हात जोडून उभे राहिले. पाणी घोट्याला लागल्यावर वाकले.

पुलावरून मज वरचं वळण दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. तिथून जे आलं त्यात अख्खी झाडं होती. मी किंचाळले, आणि तोंडातून निघालं ते तमिळ: ओडुंगो, पळा. घरात आम्ही एकमेकांशी कधी तमिळ बोललो नाही. त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. त्यांनी मान वर करेपर्यंत सगळंच गेलं, तंबू, सायकली, हे.

दुसऱ्या दिवशी हे खाली बऱ्याच अंतरावर सापडले. पोलिसांनी विचारलं, त्यांना पाणी येताना दिसलं नाही का? मी म्हटलं, दिसलं.

तेराव्याला नणंद चार बायकांत म्हणाली, "हात जोडून गेला माझा भाऊ, असं मरण मागून मिळत नाही." मी तिला तिथेच सुनावलं. म्हटलं, तो ओढा कोणाची आई नव्हता, आणि तुझ्या भावाला मरायचं नव्हतं, त्याला पुढच्या उन्हाळ्यात कोल्लिमलैच्या डोंगरावर जायचं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. न बोलो. काठ जवळच होता. चपला काढायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात हे वर चढून आले असते, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

वाकायच्या आधी त्यांनी मान वर करून पुलाकडे पाहिलं होतं. मी हात जोडलेत ना, ते बघायला. लेक फोनवर अम्मा, अम्मा करत होती, आणि मी फोन काखेत धरून हात जोडले होते.