ऐकू न येणाऱ्या आवाजाचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती नेमकी दुपारच्या डुलकीत. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला दरोडे आणि खून आठवावेत अशी लोकांची अपेक्षा असते. मला आठवतो भुईमुगाचा एक हिरवा तुकडा, मधोमध काठीवर बांधलेला एक पांढरा डबा, आणि त्या डब्यातून निघणारा एक आवाज, जो कुणालाच ऐकू येत नव्हता. नावं कुणाचीच सांगणार नाही. जमलं असतं तर स्वतःलाही लपवलं असतं, कारण ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त फजिती माझीच झाली.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. परांडा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. वैशाखातल्या एका सकाळी शेजारच्या गावचे एक वयस्कर शेतकरी भावकीतल्या चार-पाच जणांना घेऊन आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी माझ्या टेबलावर तो पांढरा डबा ठेवला. वर उन्हावर चालणारी काच, पुढं निळा दिवा. माकडं पळवायचं यंत्र! माणसाला ऐकू येत नाही असा आवाज ते काढतं आणि माकडांना तो सोसत नाही, असा त्याचा दावा. सोनारीच्या काळभैरवनाथाच्या पंचक्रोशीत माकडावर सहसा कुणी दगड उचलत नाही. ती देवाची. त्यामुळं न मारता, न हाकलता, नुसत्या आवाजानं ती आपली आपण जातील, ह्याचं लोकांना मोठं अप्रूप वाटलं होतं.

आप्पांचा राग मात्र यंत्रापेक्षा एका मुलीवर होता. सोनारीतली ही तरुणी घरगुती आणि शेतीच्या वस्तू वापरून बघायची, त्यांच्याबद्दल मोबाईलवर लिहायची, व्हिडिओ जोडायची. लेखाखाली एक लिंक असायची. त्या लिंकवरून कुणी वस्तू मागवली की तिला कमिशन मिळायचं. तिनं ह्या यंत्राबद्दल चांगलं लिहिलं, ते वाचून आप्पांच्या भावकीनं यंत्रं मागवली, आणि माकडांनी भुईमूग उपटून शेंगा फस्त केल्या.

"यंत्राच्या काठीला टेकून खाल्ल्या साहेब," आप्पा म्हणाले. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. तिच्यावर गुन्हा दाखल करा."

मुलीचं नाव ऐकून आमच्या ठाणे अंमलदारांनी माझ्याकडं बघितलं. तिची नुकतीच तलाठी पदासाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचे कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडले होते. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला की नेमणूक अडकलीच. आणि नोंदवला नाही, तर ज्या म्हाताऱ्या माणसाचं पीक गेलं त्याला मी काय सांगणार? प्राथमिक चौकशी करतो म्हणालो आणि यंत्र ताब्यात घेतलं.

त्यातच माझ्या खबऱ्यानं तेल ओतलं. म्हणाला, साहेब, त्या घरी सारखी खोकी येत्यात. दुकान न्हाय, गाळा न्हाय, आन् पोरगी दिवसभर कुकरशी बोलत बसती. माझ्या डोळ्यांपुढं चोरीच्या मालाची आंतरजिल्हा टोळी उभी राहिली. निवृत्तीच्या वर्षात माणसाला अशी स्वप्नं फार पडतात.

महिला शिपायाला घेऊन जीप सोनारीला काढली. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली ओळीनं मांडलेले कुकर, मिक्सर, बॅटऱ्या. मुलगी चुलीजवळ बसून लिहीत होती. मी दरडावून विचारलं, ह्या मालाच्या पावत्या कुठं आहेत, आणि पुरावा ताब्यात घेतल्याच्या थाटात एका कुकरवर पंजा ठेवला.

"साहेब, त्याला हात नका लावू," ती म्हणाली. "आत्ताच उतरवलाय. त्याचं हँडल तापतंय, तेच लिहायलेय."

तोवर माझी चार बोटं भाजली होती. पावत्या तिनं मोबाईलवर दाखवल्या, सगळ्या तिच्या नावाच्या. टोळी तिथंच बरखास्त झाली. तिच्या आईनं माझ्या बोटांना गार पाणी दिलं.

ठाण्यात परत येऊन यंत्राचा पंचनामा करायला घेतला. यंत्र उन्हात ठेवलं, मग टेबलावर आणलं, बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकू लागला. मी, अंमलदार आणि समोरच्या चहावाल्याकडून आणलेले दोन पंच, चौघं कान देऊन बसलो. दुपार होती. कोर्टाची तारीख नव्हती, भांडण नव्हतं, वायरलेसही गप्प होता. बाहेरच्या लिंबाची सावली खिडकीतून टेबलावर हलत होती आणि आम्ही चार मोठी माणसं त्या दिव्याकडं बघत, जे ऐकू येणारच नाही ते ऐकत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ठाण्याचं कुत्रं येऊन यंत्राखाली अंग टाकून झोपलं. शेवटी अंमलदारांनी हळूच विचारलं, "काय लिहू साहेब?" मी सांगितलं, आवाज ऐकू आला नाही असं लिहा. एक पंच म्हणाला, पण तो येतच नसतो न्हवं? मग यंत्र चालू आहे की बंद, हे आम्ही कशावरून लिहिणार? त्या पंचनाम्यावर चौघांच्या सह्या आहेत. नेमकं कशाबद्दल, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला चौकशीला बोलावलं. वडील बाहेर बाकावर, महिला शिपाई शेजारी. मी टेबलावर टिचकी मारून विचारलं, ह्या यंत्राचं कमिशन मिळालं का?

"मिळालं की. लेखाच्या पहिल्याच ओळीत सांगितलंय तसं."

मी लेख दुसऱ्या ओळीपासून वाचला होता.

मग तिनं मला समजावून सांगितलं, लहान भावाला सांगावं तसं. कमिशन मिळतं हे आधी सांगायचं. त्याच्याखाली ही वस्तू कुणी घेऊ नये ते लिहायचं, कारण सगळ्यांनाच चालेल अशी वस्तू नसते. कंपनीनं खोक्यावर जे छापलंय ते परत लिहायचं नाही, ते वाचणाऱ्याला तिथंच वाचता येतं. खोक्यावर जे नसतं ते लिहायचं. हात भरलेले असताना झाकण निघतं का, घासायला किती त्रास, नवेपण गेल्यावर वस्तू फडताळात गेली की अजून ओट्यावर आहे. लिहिताना डोळ्यांपुढं एकच माणूस ठेवायचा. ती तिच्या चुलतीला ठेवायची. चुलती पैसे हातात धरून चारदा विचारते, "घेऊ का गं?" तिला जे सांगू तेच लिहायचं. आणि महिनाभर वापरल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

"हे यंत्र महिनाभर वापरलं?" मी विचारलं.

ती पहिल्यांदाच थांबली. "न्हाय. आठवडाभर. भुईमूग काढायला आला होता, काढल्यावर यंत्र लावणार कुठं? पण त्या आठवड्यात एक माकड आलं न्हाय साहेब. खरं सांगते."

सापडली, असं मला वाटलं. आठवड्यावर लिहायचं आणि कमिशन घ्यायचं. गुन्ह्याचा मसुदा मनात जवळजवळ तयार झाला.

पण कायद्यात फसवणुकीला हेतू लागतो, आणि हेतू शोधायला मी तिचे सगळे लेख वाचायला घेतले. तिथंच घोटाळा झाला. बॅटरीबद्दल तिनं लिहिलं होतं, 'तुमच्या घरची लाईट जात नसेल तर ही घेऊ नका. आमची जाते. अंगणात हिचा उजेड दह्यासारखा घट्ट पडतो, पण हँडल लहान आहे, मोठ्या पंजाच्या माणसाला नीट धरता येणार नाही.' ते वाचता वाचता मला आमच्या गावचं जुनं अंगण दिसायला लागलं. उजेडात उडणारे किडे दिसायला लागले. भानावर आलो तेव्हा मी बॅटरी मागवून बसलो होतो. पाठोपाठ गुडघे शेकायचा पट्टा.

पार्सल ठाण्याच्याच पत्त्यावर आलं. अंमलदारांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवलं. "साहेब, मुद्देमालात भर पडली."

म्हणजे तपास अधिकारीच संशयिताला कमिशन मिळवून देत होता. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून वरिष्ठांना फोन करून सांगितलं. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी बॅटरी कशी आहे ते विचारलं. चांगली होती. हँडल मात्र लहान होतं.

राहिला त्या यंत्राचा व्हिडिओ. त्यात ती स्वतः दिसत नाही. नुसतं शेत, वाऱ्यानं हलणारी पानं, काठीवरचा निळा दिवा आणि कुठंही माकड नाही. दुपारी खुर्चीत बसून मी तो परत परत बघायचो. किती निवांत शेत होतं ते! एका दुपारी असाच डोळा लागला. मी त्या भुईमुगात उभा होतो, लांब कुठंतरी हलगी वाजत होती, आणि समोरून एक माकड माझी टोपी घालून, मागं हात बांधल्यासारखं करत, गस्तीवर निघालं होतं. मी त्याला सॅल्यूट केला. दचकून जागा झालो. माकड गेलं होतं, पण हलगी वाजतच होती. ती मोबाईलवरच्या त्याच व्हिडिओतून येत होती.

माकड आणि टोपी हे स्वप्न असलं तरी निराधार नव्हतं. त्याच वर्षीच्या सोनारीच्या यात्रेत मी बंदोबस्ताला होतो, तेव्हा एका माकडानं माझी टोपी पळवून देवळाच्या भिंतीवर नेली होती. कुणाकडं बघून सावधान उभं राहावं असा माझ्या शिपायांना प्रश्न पडला होता. ती हलगी यात्रेची होती. म्हणजे व्हिडिओ यात्रेच्या दिवसांतला. आणि यात्रेत सगळी माकडं कुठं होती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती देवळाभोवती होती. नारळ, फुटाणे, गूळ खात होती. यात्रेकरूंच्या पंगतीतून भुईमुगाकडं जायची त्यांना गरजच काय?

यात्रा आटोपून गाव शांत झालेलं होतंच. मी आप्पांना आणि त्या मुलीला सोनारीला बोलावलं, पंच घेतले. देवळापासून थोड्या अंतरावर एका बांधावर यंत्र चालू करून ठेवलं आणि बाजूला थांबलो. एक मोठं माकड आलं. त्यानं डब्याभोवती फेरी मारली, निळ्या दिव्यात डोकावलं, आणि डब्यावर बसून निवांत उवा काढू लागलं. पंच हसले, आप्पाही हसले. मुलगी हसली नाही. मी तिला यात्रेच्या तारखा विचारल्या. तिनं व्हिडिओची तारीख बघितली आणि खाली बसली.

"माकडं इथं न्हाईत एवढंच म्या बघितलं साहेब," ती म्हणाली. "मग ती हायत कुठं, हे बघितलंच न्हाय."

मी तिला एका बाजूला घेतलं. हेतू दिसत नाही, गुन्हा होत नाही, असं सांगितलं. आणि वर शहाणपणाचा सल्लाही दिला. जुना लेख गुपचूप काढून टाक, कागद पुढं जाईपर्यंत काही लिहू नकोस, तुझंच लिहिलेलं उद्या तुझ्याविरुद्ध कुणी दाखवेल. वडिलकीच्या नात्यानं दिलेला सल्ला होता. पोलिसानं द्यावा असा नव्हता.

"काढून टाकला तर ज्यांनी यंत्र घेतलंय त्यांना कसं कळंल?" तिनं विचारलं.

दोन दिवसांनी आप्पा जबाब द्यायला ठाण्यात आले, तेव्हा तीही आली. नवा लेख तिनं जुन्याच्या डोक्यावर लावला होता आणि तो तिला आधी आप्पांना वाचून दाखवायचा होता. पहिल्या ओळीत, हे यंत्र घेऊ नका. मग, मी चुकले. कशी चुकले ते यात्रेसकट, हलगीसकट. आठवड्याला महिना समजले. ज्यांनी घेतलंय त्यांनी मुदत आहे तोवर परत करा, परत कसं करायचं ते खाली दिलंय. आणि शेवटी, ज्यांच्या शेंगा गेल्या त्यांची मी माफी मागते. बाहेरच्या बाकावर तिचे वडील मान खाली घालून ऐकत होते.

आप्पा अंमलदारांना म्हणाले, "लिहा, माझी पोरीवर तक्रार न्हाय." अंगठा शाईत बुडवला, उमटवला, धोतराला पुसला. जाता जाता दारातून मागं वळले.

"पोरी, फवारणीला बॅटरीवरचा पंप निघालाय, त्यो घ्यावा का गं?"

"अजून वापरला न्हाय आप्पा," ती म्हणाली. "एक हंगाम वापरते, मग सांगते."

मी पडताळणीचे कागद पुढं ओढले. बत्तीस वर्षांत असंख्य जबाब घेतले. ज्याला माहीत नसतं तोच जास्त बोलतो, एवढं मला त्यातून कळलं होतं, आणि स्वतःच्या बाबतीत ते मी नेहमी विसरत आलो. कुकरवर हात ठेवण्याआधी तो तापलाय का, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. नोकरी पणाला लागलेली असताना 'मला अजून माहीत नाही' असं सरळ सांगणारं माणूस माझ्या टेबलासमोर फार क्वचित आलं. चारित्र्य म्हणून रकान्यात आपण नेमकं काय लिहितो, ह्याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला, आणि सही केली.

आप्पा ती सांगेपर्यंत थांबले. त्या हंगामात त्यांनी जुन्याच पंपानं फवारणी केली.