तिसऱ्या पानावरची म्हातारी

चादर अर्धी पिळून झाली होती, अर्धी बादलीतच होती, तेवढ्यात कार्यालयातल्या मोठ्या बाईंचा फोन आला. निराधार मदत कार्यालयात बारा वर्षं फायली सांभाळणारी ती ओल्याच हाताने फोन कानाला लावून उभी राहिली.

"तुझ्या अर्जावर सही करायला बसले होते. तिसऱ्या पानावर अडले."

नोकरी सांभाळून समाजकार्याची पदवी घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळते, त्याचा तो अर्ज. उद्या बाराच्या आत पोचायला हवा. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. 'हे शिक्षण का हवं' या प्रश्नाखाली तिने एका म्हातारीची हकिकत लिहिली होती. लेकाने घराबाहेर काढलेली म्हातारी कागद अपुरे म्हणून तीनदा परत गेली, आणि परत पाठवणारी आपणच होतो, हेही तिने लपवलं नव्हतं.

"नाव कुठे घातलंय मी?"

"एका डोळ्याने अधू, लेकाचं शिलाईचं दुकान. नावाला काय राहिलं? निवड समितीतले दोघे इथलेच आहेत. फायलीतलं फायलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे नव्या लोकांना तूच शिकवतेस ना?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तिने फोन ठेवला आणि कोरं पान घेऊन बसली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. उठली. बंद असलेला गॅस पुन्हा बंद करून आली.

"अगं, बस की एका जागी. घरभर फिरून फिरून मला गरगरायला लागलं," सासूबाई म्हणाल्या. सगळं ऐकून त्यांनी तोडगाही काढला. "लिही ना, लहानपणापासून सेवेची आवड. सगळे तेच लिहितात."

"मला नव्हती हो आवड, आई. त्या तिसऱ्या खेपेला ती काही न बोलता कागदांची घडी घालत राहिली ना, तेव्हापासून चैन नाही जिवाला. दुसरं काय लिहू?"

सासूबाईंनी जपमाळ हातात घेतली. "मग ज्याचं त्याला विचारावं."

"आणि नको म्हणाली तर?"

"तर दैव देतं नि कर्म नेतं. पण न विचारता मिळालेलं पचायचं नाही तुला. ओळखते मी."

तिने अर्जाची प्रत काढली, तिसरं पान वेगळं करून पिशवीत घातलं आणि पायात चपला सरकवल्या. आता म्हातारीच्या खोलीवर जायचं आणि ते पान तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचं.